घरातल्या माणसाला विचारा

खुनी कोण, हे आम्हा बाइंडिंगवाल्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. यात हुशारी काही नाही. लायब्ररीत नवीन पुस्तक आलं की ते आधी आमच्याकडे येतं. पातळ कव्हर टिकत नाही, म्हणून आम्ही ते पुस्तक सोडवतो, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करतो, दोऱ्यानं पुन्हा शिवतो आणि वर जाड पुठ्ठा चढवतो. मधल्या वेळात हातात येईल तो फर्मा वाचायचा. मी शेवटून सुरुवात करतो. त्यामुळे माझ्याकडे खुनी आधी पकडला जातो, मग त्याच्यावर संशय येतो, आणि बिचारा मरणारा सगळ्यात शेवटी मरतो.

या ज्ञानाचा मी बराच दुरुपयोग केलाय. पहिल्याच पानावर पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवायचं, 'माळ्यावर लक्ष ठेवा.' माळी गरीब, त्याचा खुनाशी काडीचा संबंध नाही. एका रिटायर्ड पोस्टमास्तरांनी त्या माळ्यावर तीन आठवडे पाळत ठेवली, आणि शेवटी लायब्ररीवाल्या बाईंशी भांडायला गेले की पुस्तकाचा शेवट चुकीचा छापलाय म्हणून. बाईंनी मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, "बाई, मी पुस्तकं शिवतो, वाचत नाही." चेहरा असा ठेवला की मला स्वतःलाच माझी दया आली.

नीट वाचायचा तो दादा, माझा थोरला भाऊ. दुकान त्याचं, हात त्याचा, नाव त्याचं. प्रत्येक पुस्तक शिवून झालं की तो सगळे फर्मे क्रमानं लागलेत का ते पाहायचा आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचा, 'बरोबर.' त्याचा 'र' गळासारखा, खाली वाकलेला. ते 'बरोबर' दिसलं की लायब्ररीवाल्या बाई पुस्तक उघडूनही बघायच्या नाहीत, सरळ कपाटात.

दादा गेला त्याला सव्वा वर्ष झालं. तो गेल्यावर पहिला गठ्ठा मी एकट्यानं शिवला आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात 'बरोबर' लिहिलं. बाईंनी चष्मा लावला, पान न् पान मोजायला बसल्या. दोन तास मी समोर उभा. दुसऱ्या गठ्ठ्याला मी दादाच्या अक्षरात लिहिलं. अक्षर मला शाळेपासून येतं. शाळा बुडवल्याच्या चिठ्ठ्या दादाच्या हातच्या लागायच्या. बाईंनी कोपरा पाहिला, मान हलवली, पुस्तकं आत. त्यांना कळलं नसेल असं नाही. पण त्यांनाही ते बरं वाटत असावं. असा माझा भाऊ मेल्यानंतर वर्षभर पुस्तकं तपासत होता, आणि मला त्यात गंमत वाटत होती.

मग ते भुताच्या खानावळीचं पुस्तक आलं.

हल्ली अशी पुस्तकं फार चालतात. खून असतो, पण रक्त नसतं. भूत असतं, पण ते घाबरवत नाही. एका गावात एक छोटी खानावळ, तिथली म्हातारी स्वयंपाकीण सुपाच्या भांड्याशेजारी मरून पडते. तिची भाची खानावळ चालवायला घेते. मग म्हातारीचं भूत स्वयंपाकघरात राहायला येतं आणि खुनी टेबलाशी बसला की त्याच्या पुढ्यातलं सूप खारट करतं. पोलीस रोज येतात, खातात आणि जातात. एक मांजर आहे, ते पोलिसांपेक्षा जास्त काम करतं. दर प्रकरणाच्या शेवटी एक पाककृती. म्हणजे प्रेत बाहेर काढलं, हात धुतले, आता चार अंडी फेटून घ्या. मी शिवता शिवता इतका हसलो की सुई बोटात गेली.

आणि मग नववा फर्मा हातात आला. त्यात भाची रात्रंदिवस भुताला विचारतेय, "मावशी, तुझ्या जेवणात मीठ कोणी घातलं?" कारण म्हातारीला मीठ वर्ज्य होतं. आणि कोणीतरी घालत होतं. रोज, थोडं थोडं.

मी हसायचा थांबलो. हातात पेन्सिल होती, नुकतंच दुसऱ्या एका पुस्तकावर 'बरोबर' लिहून झालं होतं, आणि हात अजून दादाच्या वळणात होता. मी समासात लिहिलं, 'भुताला कशाला विचारता? मीठ कोणी घातलं ते घरातल्या माणसाला विचारा.'

का लिहिलं? खोडी म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. कोणीतरी अनोळखी वाचेल, दचकेल. माझ्या खोड्यांना तेवढं कारण पुरतं. मी फर्मा शिवला, पुठ्ठा चढवला, पुस्तक शिकंज्यात दाबून ठेवलं आणि विसरलो.

लायब्ररीवाल्या बाईंनी ते पुस्तक नेमकं माझ्या वहिनीला दिलं. "खाण्यापिण्याचं आहे, हलकंफुलकं. मन रमेल तुमचं."

दुकानाच्या वर वहिनी राहते. मागच्या खोलीत मी. माझं लग्न झालं नाही, म्हणजे दोनदा जमत आलं होतं, पण दोन्हीकडच्या मंडळींना मी बघण्याच्या वेळीच हसवलं आणि ते हसत हसत निघून गेले. दोन्ही वेळचं जेवण वहिनीकडे. दादा होता तेव्हाही आणि आताही.

एक दिवस दुपारी मी जेवायला वर गेलो तर पुस्तक टेबलावर उघडं, आणि वहिनी त्याच्यासमोर हात मांडीत घेऊन बसलेली. माझं ताट वाढलेलं होतं, मी जेवायला बसलो.

"भाऊजी, हे बघा."

समासातलं अक्षर पाहिलं आणि घास तोंडाजवळच थांबला.

"काय आहे?" मी म्हटलं.

"यांचं अक्षर आहे."

"दादा सगळ्याच पुस्तकांत लिहायचा. जुनं असेल."

वहिनीनं पुस्तकाची सुरुवातीची पानं उलटली आणि छापलेल्या साल-महिन्यावर बोट ठेवलं. "यंदाचं आहे. हे गेल्यावर छापलंय." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची नजर सरळ असते, सुईत दोरा ओवताना असते तशी. "तुम्ही लिहिलंत का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

इथे 'हो' म्हणायचं होतं. एवढंच. हो, वहिनी, चावटपणा केला, पुसून टाकतो. पण 'हो' म्हटलं की तिचा पुढचा प्रश्न मला दिसत होता. मीठच का? आणि त्याचं उत्तर मी सव्वा वर्ष दाबून ठेवलं होतं.

"मी पुस्तकं शिवतो, वाचत नाही," मी म्हटलं. "शपथ."

तिनं पुस्तक मिटलं. "मग ठीक आहे," ती म्हणाली, पण ठीक काही नव्हतं.

आता दादाचं सांगायला हवं. त्याचं हृदय थकलं होतं. पायांत पाणी साचायचं, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. मीठ म्हणजे अगदी चिमूटभरसुद्धा नाही. वहिनीनं घरातली मिठाची बरणी शेजारी देऊन टाकली आणि स्वतःही अळणी खायला लागली. "एकानं खायचं आणि दुसऱ्यानं बघायचं, हे कसलं जेवण?" माझ्यासाठी ती मीठ वेगळं ठेवायची, फडताळात, वरच्या फळीवर, दादाचा हात जाणार नाही तिथं.

दादाला हात लांबवायची गरज नव्हती. त्याला मी होतो.

पहिल्यांदा त्यानंच मागितलं. "टवाळ, थोडे खारे दाणे आण रे. नुसती चव घेतो." मी आणले. त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला ना, तसा मी कुठल्याच विनोदानं आणू शकलो नव्हतो. मग रोजचंच झालं. खारे दाणे, वेफर्स, कधी नुसती मिठाची पुडी आणि उकडलेला बटाटा. लपवायला जागा हवी, म्हणून आम्ही एक पुस्तक बनवलं. आतून पोकळ, बाहेरून काळं कापडी बाइंडिंग, पाठीवर सोनेरी अक्षरांत 'नगरपालिका नियमावली, खंड तिसरा'. असलं पुस्तक कोणी उघडणार नाही याची आम्हाला खात्री होती. दोघं म्हातारे होत चाललेले भाऊ चोरून दाणे खायचे आणि पोरांसारखे खिदळायचे. तीन वर्षं.

तो गेला तेव्हा खळीचा ब्रश त्याच्या हातात होता आणि एप्रनच्या खिशात मूठभर दाणे. वहिनीला हाक मारायच्या आधी मी ते दाणे काढून घेतले. आधी दाणे, मग हाक. हा क्रम मी कोणाला सांगितलेला नाही.

वहिनीनं ते अक्षर दाखवलं त्यानंतरच्या चार-सहा दिवसांत मला काही कळलं नाही, कारण माझं ताट नेहमीसारखं होतं. वहिनी म्हणायची, "मी नंतर जेवते." एकदा मी चुकून तिच्या वाटीतला रस्सा घेतला. अळणी.

"वहिनी, मीठ विसरलीस."

"विसरले नाही. सोडलंय."

"का?"

"असंच."

"त्या पुस्तकामुळे?" मी हसून म्हटलं. "त्या भुताच्या नादी लागू नकोस. ते भूत नाही, वाढपी आहे. खुन्याला दोनदा विचारतं, अजून घ्या म्हणून."

वहिनीला हसू आलं नाही. "तुम्ही वाचत नाही ना पुस्तकं?"

मी पुढचा घास घेतला. खोटं बोलणाऱ्यानं थट्टा करू नये, दोन्ही एकाच तोंडातून निघतात.

ती फक्त मीठ सोडून थांबली नव्हती. जेवणच जवळजवळ सुटलं होतं. नुसतं पाणी प्यायची, भांडंच्या भांडं. आणि ते पुस्तक परत परत वाचायची. पुस्तक परत करायची तारीख उलटली, बाईंनी निरोप पाठवला, तरी देईना. एका सकाळी ती जिन्यात चक्कर येऊन बसली. खाली पडली नाही, कठड्याला धरून हळूहळू बसली आणि मला हाक मारली, अगदी बारीक आवाजात, जणू मी बाजूच्याच खोलीत आहे. मी डॉक्टरांना घेऊन आलो. तेच डॉक्टर, दादाचे.

रक्त तपासून आल्यावर ते म्हणाले, "सोडियम फार खाली गेलंय. काय खाता तुम्ही?" मग मला बाजूला घेतलं. "असंच चालू राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. हे थट्टेवारी नेऊ नका. यांना मीठ द्या."

काय गंमत आहे बघा. भावाला मीठ देऊ नका म्हणाले, मी दिलं. आता वहिनीला द्या म्हणाले, तर घेणारी तयार नाही.

दुपारी मी सूप केलं. मला तेवढंच येतं, आणि तेही त्या पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणाच्या शेवटचं. मीठ घातलं, तिच्यासमोर वाटी ठेवली. तिनं एक चमचा तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"मला नाही जाणार, भाऊजी."

"डॉक्टर म्हणाले..."

"तुम्हाला माहीत नाही." ती वाटीकडे बघून बोलत होती. "यांच्या वाढदिवसाला मी अंडी केली होती. तीन वर्षं बघत होते, माणूस कसा मान खाली घालून जेवतो ते. मला नाही राहवलं. चिमूटभर घातलं. एकच चिमूट. आठव्या दिवशी हे गेले." तिनं पुस्तकावर हात ठेवला. "यांना कळलं होतं बघा. म्हणून लिहिलंय. घरातल्या माणसाला विचारा. घरात मीच तर होते."

माझ्या पेन्सिलीनं हिला असं पकडलं होतं, आणि पकडलं ते चुकीच्याच माणसाला. तो माळी होता आणि ही वहिनी होती, एवढाच फरक.

"वहिनी, ते मी लिहिलंय."

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला उठून पळावंसं वाटलं. "राहू द्या, भाऊजी. मला बरं वाटावं म्हणून सांगताय. तेव्हा शपथ घेतली होतीत."

"ती खोटी होती."

"शपथ खोटी, की हे खोटं?"

आयुष्यभर मी लोकांना फसवलं, आणि त्याची अशी फेड झाली. खरं बोललो तर ते माझ्या तोंडात शोभेना. मी कागद घेतला, पेन्सिल घेतली, तिच्यासमोर तेच वाक्य दादाच्या अक्षरात लिहून दाखवलं. 'र' गळासारखा. तिनं दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं.

"अक्षर काढता येतं तुम्हाला, ते मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "पण मिठाचं तुम्हाला कुठून सुचलं?"

शेवटी आलाच तो प्रश्न.

"खाली चल," मी म्हटलं.

दादा गेल्यापासून ती दुकानात आली नव्हती. मी तिचा हात धरून एकेक पायरी उतरवली. तिनं दारातून सगळीकडे नजर फिरवली. शिकंजा, दोऱ्याची रिळं, खळीचा डबा, दादाची खुर्ची. खुर्चीवर मी पुठ्ठे ठेवले होते, कोणी बसू नये म्हणून. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून मी खंड तिसरा काढला आणि तिच्या हातात दिला.

तिनं उघडला. आत मिठाची पुडी होती, गाठ मारलेली, आणि दाण्यांची अर्धी पिशवी, खवट वास येणारी. त्या दिवशी खिशातून काढलेले दाणेही मी त्यातच टाकले होते. फेकायला हात धजला नव्हता.

मी सगळं सांगितलं. तीन वर्षं, रोज. शेवटच्या दिवशी आधी खिसा, मग हाक, तेही सांगितलं.

"आणि तुझ्या अंड्यांचं त्याला खरंच कळलं होतं," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी इथं येऊन मला म्हणाला, काल हिनं मीठ घातलं होतं रे, मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, नाहीतर ती घाबरली असती. त्या दिवशी त्यानं दाणे घेतले नाहीत. मी पुढे केले तर म्हणाला, आज नको, कालची चव अजून आहे."

बाहेरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मला वाटलं, ती रडेल. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं, पाणी आणलं असतं.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "मी यांच्यासोबत अळणी खात होते. यांना एकटं वाटू नये म्हणून."

"हो."

"आणि तुम्ही दोघं इथं खाली हसत होतात."

हसतच होतो.

तिनं बोटाच्या टोकावर पुडीतलं मीठ घेतलं आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले, ओठ घट्ट. मग पुस्तक मिटलं, काखेत घेतलं आणि जिना चढायला लागली. मी हात द्यायला गेलो.

"मी जाईन."

वर जाऊन तिनं ते थंड झालेलं सूप सगळं संपवलं. मी दारात उभा होतो, आत या म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीचं पुस्तक दुकानाच्या पायरीवर ठेवलेलं दिसलं. समासातलं वाक्य मीच खोडरबरानं घासून काढलं. ते पान आता तेवढ्याच जागी पांढरं आणि पातळ झालंय. उजेडात धरलं तर पलीकडची पाककृती दिसते. नवीन गठ्ठा पोचवला तो माझ्या अक्षरात 'बरोबर' लिहून. बाईंनी कोपरा पाहिला, मग मला पाहिलं, आणि चष्मा लावून पानं मोजायला बसल्या. मी समोर उभा राहिलो. अठरा पुस्तकं. एका पुस्तकात एक फर्मा उलटा निघाला. दादाच्या नावाखाली असे किती गेले असतील, कोण जाणे.

वहिनीची तब्येत सुधारतेय. डॉक्टरांनी परवा रिपोर्ट पाहून मान डोलावली. पण मला वर जेवायला बोलावणं नाही. रोज साडेबाराला जिन्याच्या खालच्या पायरीवर डबा असतो. भाजी अळणी. रस्सा अळणी. भातसुद्धा. आणि झाकणावर कागदाची एक छोटी पुडी, चारी बाजूंनी नीट दुमडलेली, आत चिमूटभर मीठ.

पहिल्या दिवशी मला वाटलं, माफी मिळाली. दुसऱ्या दिवशी वाटलं, शिक्षा आहे. आठवडाभर मी पुडी न उघडता जेवलो. मग आज तिनं डबा ठेवला तेव्हा मी मुद्दाम जिन्याशी थांबलो होतो.

"वहिनी, पुडी कशाला देतेस? घालायचं असलं तर भाजीतच घाल ना. नसलं तर नको देऊस."

ती तीन पायऱ्या वर होती. वळली, कठड्याला धरून उभी राहिली.

"यांनी तुमच्याकडे मागितलं," ती म्हणाली. "माझ्याकडे कधी मागितलं नाही. मागितलं असतं तर मी दिलं असतं का नसतं, ते पुडी बांधताना रोज बघते."

"मग? काय वाटतं?"

"अजून कळलं नाही," असं म्हणून ती वर गेली.

मी डबा आत आणला, दादाच्या खुर्चीवरचे पुठ्ठे खाली ठेवले आणि तिथं बसून जेवलो. पुडी उघडली नाही. फेकलीही नाही.